तालमीचा तास



कामगार चळवळीतल्या माणसाला वसंत व्याख्यानमालेत बोलावले म्हणजे तो पगारावर, बोनसवर, फार तर संपाच्या इतिहासावर बोलेल, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. मी आज बारा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींच्या व्यायामाविषयी बोलणार आहे. विषय भलताच निवडला असे कोणाला वाटेल. परंतु वस्तुतः हा आमचाच विषय आहे. कामगार चळवळ प्रथम उभी राहिली ती वेळेसाठी. दिवसाच्या चोवीस तासांपैकी मालकाचे किती आणि माणसाचे स्वतःचे किती, हा तिचा पहिला प्रश्न होता. वाढत्या वयाच्या मुलाच्या दिवसातला एक तास त्याच्या शरीरासाठी राखून ठेवायचा की नाही, हा प्रश्न त्याच पोटातला आहे. माझे शाळेतले शिक्षण थोडे. पुढचे जे झाले ते कामाची पाळी संपल्यावर वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा वैद्याच्या अधिकाराने नव्हे, तर इतिहासाची पाने उलटणाऱ्या एका कार्यकर्त्याच्या नात्याने मी चार गोष्टी मांडतो.

प्रारंभी एका मुलाची हकीकत सांगतो. ती आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे, पण या बाजूने तिच्याकडे आपण क्वचितच पाहतो. १८७३ च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन कॉलेजात सोळा-सतरा वर्षांचा एक विद्यार्थी दाखल झाला. अंगाने किरकोळ, प्रकृतीने नाजूक. त्याने ठरविले की पहिले वर्ष अभ्यासाचे नव्हे, शरीराचे. मग रोज तालीम, कुस्ती, पोहणे, त्याला साजेसा आहार आणि झोप. त्या वर्षी अभ्यास मागे पडला, परंतु वर्षाअखेर मुलगा असा काही पालटला की सोबत्यांनी तोंडात बोट घालावे. पुढे मंडालेच्या तुरुंगात सहा वर्षे काढून जो माणूस ताठ उभा राहिला, त्याच्या काटकपणाचा पाया या एका वर्षात घातला गेला होता. तो विद्यार्थी म्हणजे बाळ गंगाधर टिळक.

ही गोष्ट आपण निश्चयाचे उदाहरण म्हणून मुलांना सांगतो, आणि निश्चय तर तिच्यात आहेच. पण मला तिच्यात आणखी तीन गोष्टी दिसतात. त्या मुलापाशी वेळ होता, पोटभर सकस अन्न होते, आणि व्यायाम कसा करावा हे जाणणारी तालमीची परंपरा पुण्यात जिवंत होती. याच सुमारास मुंबईच्या परळ-लालबागेत त्याच वयाची, किंबहुना त्याहून पुष्कळ लहान मुले गिरणीत कामाला जात होती. गिरणी उजाडताना सुरू होई आणि मावळतीला थांबे. त्या मुलांच्या कामाच्या तासांना कायद्याचे कसलेही बंधन नव्हते. शरीर तेच, वय तेच, वाढीची ओढही तीच. मात्र एकापाशी स्वतःचे एक वर्ष होते आणि दुसऱ्यापाशी स्वतःचा एक तासही नव्हता. किशोरवयाच्या व्यायामाचा आपल्याकडचा इतिहास हा या दोन मुलांमधल्या अंतराचा इतिहास आहे, असे माझे नम्र मत आहे.

हे अंतर कसे कमी होत गेले ते पाहू. १८८१ साली पहिला कारखाना कायदा झाला. त्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली. सात वर्षांच्या पोराला नऊ तास, ही त्या काळची सुधारणा! १८९१ च्या कायद्याने किमान वय नऊ केले आणि चौदापर्यंतच्या मुलांना सात तास ठरविले. १९२२ साली किमान वय बारा झाले, पंधरापर्यंत सहा तास. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने किमान वय चौदा केले. म्हणजे मुलाची चौदा वर्षे कारखान्याच्या तावडीतून सोडवून घ्यायला या देशाला सदुसष्ट वर्षे लागली.

या वाटेवर ज्या माणसाचे नाव कृतज्ञतेने घ्यावे ते नारायण मेघाजी लोखंडे. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवून ज्या मागण्या केल्या त्यांत आठवड्याची एक सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती या प्रमुख होत्या. १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी पदरात पडली. आज आपली मुले रविवारी मैदानावर क्रिकेट खेळतात, तेव्हा तो रविवार कोणी मिळवून दिला हे त्यांना ठाऊक नसते. ठाऊक असायला हरकत नाही.

आता तालमीकडे वळू. आपल्या पूर्वजांची व्यायामाची कल्पना केवळ 'अंग मोडून घाम काढणे' एवढीच होती असा पुष्कळांचा समज आहे. तो बरोबर नाही. तालमीत पाऊल टाकणाऱ्या पोराला वस्ताद पहिल्याच दिवशी शंभर जोर काढायला लावीत नसे. आरंभी थोडे जोर, थोड्या बैठका. अंग रुळले की आकडा हळूहळू वाढवायचा. एके दिवशी मेहनत, दुसऱ्या दिवशी लढत. मेहनतीनंतर मालीश, खुराक आणि झोप. नेम मोडायचा नाही. शरीराला सोसेल त्याहून किंचित अधिक भार द्यावा, मग विश्रांती व अन्न द्यावे, आणि पुन्हा भार किंचित वाढवावा, हेच आजचे शास्त्र सांगते. वस्तादापाशी ही परिभाषा नव्हती. पद्धत मात्र होती.

मल्लखांबाचेही तसेच. बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात त्याचा उल्लेख सापडतो. परंतु त्याला आजचे शिस्तबद्ध रूप दिले ते दुसऱ्या बाजीरावाच्या काळातल्या बाळंभटदादा देवधर यांनी. उडी, अढी, तेढी, सलाम अशा पकडी क्रमाक्रमाने शिकायच्या. एक साधली म्हणजे पुढची. वजन उचलायचे ते लोखंडाचे नव्हे, स्वतःच्या देहाचे. त्यामुळे अंगावरची चरबी मल्लखांबाला स्वतःच खपत नाही.

या परंपरेत उणीव एकच होती, पण ती मोठी होती. तालीम एका वेळी थोड्यांनाच शिकवू शके. तिथे कोण येणार हे जात, वस्ती आणि घरची दुभती म्हैस ठरवी. मुलींना तर तिचा उंबरठाच बंद होता. तेव्हा तालमीचे ज्ञान शेकडो मुलांपर्यंत एकाच वेळी कसे न्यावे, हा विसाव्या शतकाच्या आरंभी विचारवंतांपुढे प्रश्न पडला. त्याचे पहिले मोठे उत्तर बडोद्याला मिळाले. तेथील जुम्मादादा व्यायाम मंदिरात राजरत्न प्रोफेसर माणिकराव यांनी आखाड्यातले व्यायाम रांगेत उभे राहून, आज्ञेबरहुकूम, समुदायाने करता येतील असे बसविले. लष्करी कवाईतीची शिस्त घेतली, पण हालचाली आपल्या मातीतल्या ठेवल्या. याच बडोद्यातून पुढे दत्तात्रेय चिंतामण करंदीकर मुजुमदार यांनी 'व्यायाम ज्ञानकोश' संपादून दहा खंडांत प्रसिद्ध केला. पहिला खंड १९३६ चा व शेवटचा १९४९ चा.

मग महाराष्ट्रात एकामागून एक संस्था उभ्या राहिल्या. अमरावतीस वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान आखाडा काढला. तोच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने कबड्डी आणि मल्लखांबासारखे देशी प्रकार जगापुढे करून दाखविले. पुण्यास १९२४ साली कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी महाराष्ट्रीय मंडळ स्थापिले. दादरला श्री समर्थ व्यायाम मंदिर १९२५ पासून चालत आले. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी तर आपल्या संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार चालू केले, आणि स्वतः ते रोज घालून दाखविले. त्याला आखाडा लागत नाही, साधने लागत नाहीत, दोन हात लांबीची जागा पुरते. आज दहा, महिन्याने पंधरा, असा चढता हिशेब प्रत्येकाला स्वतःचा स्वतः ठेवता येतो. गरिबाच्या मुलाला परवडेल असा हा आखीव कार्यक्रम होता.

माणिकरावांच्या हाताखाली १९०७ ते १९१० या काळात तयार झालेल्या एका तरुणाने या सगळ्याला शास्त्राची जोड दिली. त्याचे नाव जगन्नाथ गणेश गुणे, अर्थात स्वामी कुवलयानंद. १९२४ साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले. उड्डियान आणि नौली करताना पोटात नेमके काय घडते, हे त्यांनी क्ष-किरणांच्या साह्याने तपासले आणि 'योगमीमांसा' या त्रैमासिकात छापले. व्यायामाचा परिणाम श्रद्धेने मानायचा नाही, मोजून पाहायचा, हा त्यांचा बाणा. १९३७ साली मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले, तेव्हा शारीरिक शिक्षणाची समिती याच कुवलयानंदांच्या अध्यक्षतेखाली नेमली गेली आणि १९३८ साली शारीरिक शिक्षणाचे शिक्षक तयार करण्यासाठी कांदिवलीस सरकारी संस्था निघाली. कांदिवली म्हणजे आपल्या विरार लोकलच्या वाटेवरचेच स्टेशन. व्यायाम ही तालमीतल्या निवडक पोरांची मिरास नसून शाळेत येणाऱ्या प्रत्येक मुलाचा हक्क आहे, आणि त्यासाठी शिकलेला शिक्षक पाहिजे, ही गोष्ट सरकारदरबारी मान्य झाली ती अशी.

स्वातंत्र्यानंतर हा धागा दिल्लीला गेला. आझाद हिंद सेनेतले जनरल जगन्नाथराव भोसले, आपल्या सावंतवाडीकडचे, यांनी १९५४ साली निर्वासितांच्या मुलांच्या शाळेतून राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली. घरदार गमावलेल्या मुलांना रोजच्या व्यायामाने पुन्हा उभे करावे, हा तिचा हेतू. पुढे शाळांतून अशा अनेक योजना एकमेकींना धक्के देऊ लागल्या; तेव्हा पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या समितीने त्या एकत्र कराव्यात असे सुचविले आणि १९६५ साली राष्ट्रीय सुदृढता दल निघाले. योजनांची नावे बदलत राहिली. २९ ऑगस्ट २०१९ रोजी 'फिट इंडिया' चळवळ जाहीर झाली, तीही याच माळेतली.

हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. १९५४ च्या सुमारास अमेरिकेत डॉक्टर क्राउस आणि त्यांच्या सहकारी रूथ हर्शलँड यांनी शाळकरी मुलांच्या पाठीच्या व पोटाच्या स्नायूंची सहा सोपी परीक्षणे घेतली. एका तरी परीक्षणात नापास झालेली अमेरिकन मुले निघाली शेकडा ५७.९, इटली, ऑस्ट्रिया व स्वित्झर्लंड या युद्धाने पोळलेल्या किंवा त्याच्या शेजारच्या देशांतली मुले शेकडा ८.७. घरोघर मोटारी असलेल्या राष्ट्राला तो मोठाच धक्का होता. अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १९५६ साली युवकांच्या सुदृढतेसाठी खास मंडळ नेमले. सुबत्तेने शरीर आपोआप सुधारत नाही, हा धडा त्या वेळी जगाने घेतला.

इतका इतिहास सांगितल्यावर साहजिकच प्रश्न येतो, की आखीव व्यायामाने मुलाच्या शरीरात बदल तरी काय होतो? या बाबतीत आईबापांचा एक गोड गैरसमज आहे. व्यायाम लावला की मुलगा बारीक होईल, किंवा हडकुळा असेल तर अंगाने भरेल, आणि ते काट्यावर दिसेल, असे त्यांना वाटते. महिनाभराने ते मुलाला वजनकाट्यावर उभे करतात, आकडा हललेला नसतो, आणि व्यायाम बंद पडतो.

काटा खोटे बोलत नाही; पण तो सगळे सांगतही नाही. वजनात हाडे, स्नायू, पाणी आणि चरबी या सगळ्यांची बेरीज असते. नियमाने व्यायाम करणाऱ्या मुलाची चरबी थोडी उतरते आणि स्नायू वाढतात. बेरीज तेवढीच राहते. २०१३ साली शाळांतील व्यायाम-कार्यक्रमांच्या ४४ अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्यात दिसले ते असे, की मुलांचा दम, म्हणजे जोराच्या श्रमात शरीराने प्राणवायू वापरण्याची ताकद, वाढली. परंतु उंचीच्या मानाने वजनाचा जो अंक काढतात, ज्याला बी.एम.आय. म्हणतात, तो फारसा बदलला नाही. याचा अर्थ कार्यक्रम फसले असा करणाऱ्याने इंजिन न तपासता मोटारीचे नुसते वजन केले, असे म्हणावे लागेल. चरबी बरीच उतरवायची तर व्यायामाला खाण्याची शिस्त जोडावी लागते. दम, ताकद, हाडांची घनता, रक्तातल्या साखरेचा निचरा, या गोष्टी मात्र काट्यावर काही न दिसताही सुधारतात.

आपल्या माणसांच्या बाबतीत तर काटा विशेष फसवा आहे, आणि हे दाखवून दिले ते पुण्याच्या डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक यांनी. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या माता व बालकांचा त्यांनी अभ्यास चालविला. आपली बाळे जन्मतःच वजनाने कमी, पण त्या मानाने अंगात चरबी अधिक अशी असतात, असे त्यांना आढळले. २००४ साली त्यांनी व त्यांचे इंग्रज सहकारी युडकिन यांनी स्वतःचीच तुलना छापली. दोघांचा बी.एम.आय. अगदी एक, २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांची शेकडा ९.१ आणि याज्ञिक यांची शेकडा २१.२! बाहेरून दोघे सारखे, आतून निराळे. म्हणून 'आमचा मुलगा बारीक आहे, त्याला व्यायाम कशाला' हे बोलणे आपल्याकडे धोक्याचे आहे. बारीक मुलालाही व्यायामाची गरज तितकीच आहे, आणि मधुमेह काही केवळ जाड माणसाचीच वाट पाहत नाही.

किशोरवयच का, असेही कोणी विचारील. त्याचे उत्तर हाडांत आहे. वाढीच्या ऐन भरातल्या दोन वर्षांत, मुलींमध्ये थोडे आधी व मुलांमध्ये थोडे नंतर, प्रौढ माणसाच्या हाडांतल्या खनिजापैकी सुमारे पाव भाग भरला जातो. उडी, धाव, भार यांनी हाडाला जो ताण मिळतो त्याने हे काम बळकट होते. ही संधी गेली की पन्नाशीत कितीही चालले तरी ती पुरती भरून निघत नाही. जोर-बैठकांनी उंची खुंटते, हा जुना समजही निराधार आहे. जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली, बेताबेताने केलेल्या ताकदीच्या व्यायामाने वाढ थांबल्याचा पुरावा नाही. मुलींच्या अंगावर या वयात थोडी चरबी चढते, ती निसर्गाची योजना आहे; तिच्यापायी मुलीला उपाशी ठेवणे किंवा हिणवणे हा अपराध आहे. तिला मैदान द्यावे, टोमणा देऊ नये.

आता मी मूळ मुद्द्यावर येतो. कष्टकऱ्यांच्या वस्तीत व्यायामाची गोष्ट काढली की एक ठरलेले उत्तर मिळते : "आमची पोरे दिवसभर राबतात, त्यांना वेगळा व्यायाम कशाला?" हे उत्तर मालकाने दिले असते तर मला नवल वाटले नसते, पण ते आमचेच लोक देतात, म्हणून त्याचा विचार केला पाहिजे.

१९५३ साली लंडनच्या डॉक्टर मॉरिस यांनी तेथल्या दुमजली बसच्या कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून बस हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा, जिने चढ-उतर करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. यावरून कोणी म्हणेल, बघा, काम हाच व्यायाम! परंतु अलीकडच्या वर्षांत युरोपातल्या संशोधकांनी जड कामाचा निराळा विचार केला. त्यांना दिसले की फुरसतीतल्या श्रमाने आयुष्य वाढते, पण पोटासाठी केलेल्या जड श्रमाने ते वाढतेच असे नाही, पुरुषांत तर उलट घटलेले दिसते. कारणे समजायला अवघड नाहीत. ओझे वाहणारा माणूस तासन् तास एकाच ठेवणीत असतो. दम लागेल इतका वेग नाही आणि दम घ्यायला उसंत नाही. भार किती आणि विश्रांती केव्हा, हे त्याच्या शरीराने ठरत नाही, कामाने ठरते. वस्तादाच्या तालमीत भाराच्या मागोमाग खुराक आणि झोप येई. गाळ्यात भाराच्या मागोमाग दुसरा भार येतो.

वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींतल्या गाळ्यांत मी अनेक वर्षे जात आलो आहे. शाळा सुटून कामाला लागलेली सोळा-सतराची पोरे तिथे दिसतात. उजवा दंड टणक, डावा काडीसारखा. एक खांदा खाली. आणि तीन जिने चढले की धाप. पूर्वी आपल्या वाड्यांतून केळीच्या, फुलांच्या, भाजीच्या पाट्या डोक्यावर घेऊन मुंबईची गाडी गाठणाऱ्या मायबहिणींच्या मानेची आणि गुडघ्यांची काय स्थिती होई, हे घरोघरच्या म्हाताऱ्यांना विचारा. घाम दोन्हीकडे सारखाच निथळतो. एक घाम शरीरातून काही घेऊन जातो, दुसरा शरीरात काही ठेवून जातो. २०१६ साली बालकामगार कायदा दुरुस्त होऊन चौदा ते अठरा वर्षांच्या मुलांना 'किशोर' म्हणून वेगळे ओळखले गेले आणि धोक्याची कामे त्यांना बंद झाली. हे योग्यच झाले. पण धोका टळला म्हणजे वाढ झाली असे नव्हे.

आपल्या जिल्ह्यात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. १९४५ च्या मे महिन्यात तलासरीजवळ झरी येथे वारली बांधव गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली जमले आणि वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले. वेठ म्हणजे दुसऱ्याने फुकट काढून घेतलेला घाम. ती वेठ मोडली, तरी भूक मोडली नाही. १९९२ साली जव्हारच्या वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला होता. त्या डोंगरातल्या अर्धपोटी मुलाला जोर-बैठका सांगणे ही क्रूर थट्टा होईल. आधी ताट, मग तालीम. एकाच पालघर जिल्ह्यात एका टोकाला अन्नावाचून खंगणारे मूल आणि दुसऱ्या टोकाला बसून बसून चरबी साठवणारे मूल आहे. एकच फर्मान दोघांना लागू पडणार नाही.

आणि हे बसून राहणारे मूल कुठले, हे मी सांगायला नको. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईस पहिली लोकल गेली, तेव्हा हा भाग वाड्या, मिठागरे आणि कोळीवाडे यांचा होता. १९३६ साली विजेची गाडी विरारपर्यंत आली. २००९ साली महापालिका झाली आणि २०११ च्या शिरगणतीत शहराची वस्ती बारा लाखांवर गेली. त्यांतली कित्येक मुले सकाळी शाळा, दुपारी शिकवणी, संध्याकाळी पुन्हा शिकवणी आणि रात्री हातात मोबाईल अशा चार पाळ्या करतात. चार पाळ्या कुठल्या गिरणीनेही कोणाकडून करून घेतल्या नव्हत्या! बाप विरार लोकलमधून लोंबकळत रात्री घरी येतो, आई दमलेली. मैदान होते तिथे इमारत उभी आहे. आणि शाळेच्या वेळापत्रकातला शारीरिक शिक्षणाचा तास परीक्षा जवळ आली की गणिताला दिला जातो.

हे केवळ वसईचे दुखणे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १४६ देशांतल्या सोळा लाख विद्यार्थ्यांची माहिती जमविली. २०१६ साली अकरा ते सतरा वर्षांच्या मुलांपैकी शेकडा ८१ मुलांना पुरेसा व्यायाम नव्हता, मुलींत हे प्रमाण शेकडा ८५ च्या घरात होते. भारतात चारांपैकी जवळजवळ तिघे या यादीत आहेत. पुरेसा म्हणजे किती? संघटनेने २०२० साली सांगितले : रोज सरासरी साठ मिनिटे, दम लागेल अशी हालचाल, त्यांतले आठवड्यात निदान तीन दिवस जोराचा व्यायाम आणि स्नायू-हाडे बळकट करणारा व्यायाम. साठ मिनिटे म्हणजे बरोबर एक तास.

टिळकांना एक वर्ष मिळाले होते. आम्ही प्रत्येक मुलासाठी रोज एक तास मागतो. तो कसा मिळेल? पहिली गोष्ट, शाळेतला व्यायामाचा तास दुसऱ्या विषयाला देऊ नये, आणि पालकसभेत गुणपत्रिकेबरोबर त्या तासाचाही जाब विचारावा. दुसरी, प्रत्येक प्रभागात एक मैदान आणि एक शिकलेला शिक्षक असावा. १९५३ च्या कायद्याने आपल्या राज्यात कामगार कल्याण मंडळ उभे राहिले आणि त्याच्या केंद्रांतून व्यायामशाळा व कबड्डीचे सामने चालत आले. कामगारांच्या पैशावर हे होऊ शकते, तर एवढ्या मोठ्या महापालिकेच्या पैशावर का होऊ नये? आपल्या शहरात मॅरेथॉनला हजारो माणसे धावतात, याचा मला आनंद आहे; पण वर्षातला एक दिवस धावणे म्हणजे व्यायाम नव्हे. तिसरी, गाळ्यांत काम करणाऱ्या किशोरांना पाळीतून सुटल्यावर मैदान गाठता येईल इतक्या वेळेवर सोडावे; ही मागणी आमच्या संघटनेने मालकांपुढे ठेवावी, असा माझा आग्रह राहील. चौथी, मुलींसाठी संध्याकाळचे मैदान सुरक्षित आणि उजेडाचे असावे. आणि शेवटची घरची : मुलाला काट्यावर उभे करण्याऐवजी महिन्यातून एकदा घड्याळ लावून धावायला लावा, जोर किती निघतात ते मोजा, आणि आकडे वहीत लिहा. आठ-बारा आठवडे नेम धरला की त्या वहीत फरक दिसेल. नेम सोडला की तोही उतरेल, कारण व्यायामाची पुंजी बँकेत ठेवून व्याज खाता येत नाही.

लोखंडे यांनी रविवार मागितला तेव्हा गिरणीमालक म्हणत की सुट्टी दिली तर उत्पादन बुडेल. आज मुलांसाठी एक तास मागितला तर आपणच म्हणतो की मार्क बुडतील. त्या वेळी गिरण्या बुडाल्या नाहीत. मुलांचे मार्कही बुडणार नाहीत. उद्या सकाळी शाळेच्या दारात मुलाला सोडताना या आठवड्यात त्याचे शारीरिक शिक्षणाचे किती तास प्रत्यक्ष झाले, एवढी चौकशी प्रत्येकाने केली, तरी आजच्या व्याख्यानाचे काम झाले असे मी मानीन.